मणिबेली, एक तक्रारपेटी आणि सीमेपलीकडचे प्रकल्प

सातपुड्याचा_वारा (धागाकर्ता)
मंगळवार, रात्री ९.१२

मंडळी, मी तळोद्याचा. दोन वर्षं झाली, पोटापाण्यासाठी नेपाळच्या तराईत आहे. इथली वीज भारतात नेणाऱ्या एका विद्युतवाहिनीचं काम चालू आहे. त्यात माझ्याकडे 'पर्यावरण व सामाजिक' अशा भारदस्त नावाचं टेबल आलंय. काम काय, तर झाडं मोजायची, फॉर्म भरायचे आणि टॉवरच्या पायात ज्याचं भातखाचर गेलं त्याचं बोलणं ऐकून घ्यायचं.

साइट ऑफिसच्या भिंतीवर पत्र्याची निळी पेटी ठोकलेली आहे. वर पांढऱ्या अक्षरांत 'गुनासो पेटिका'. गुनासो म्हणजे तक्रार. कुलूप गंजलेलं, चिठ्ठी टाकायच्या फटीत कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं. किल्ली कंत्राटदाराच्या माणसाकडे, आणि तो माणूस आठवड्यातले चार दिवस काठमांडूत. परवा वरून निरोप आला की कर्ज देणाऱ्यांची माणसं पाहणीला येतायत, पेटी रंगवून घ्या. उघडून घ्या असं कोणी म्हणालं नाही.

ब्रश हातात घेतला आणि हसू आलं. या पेटीचं माहेर आमच्या जिल्ह्यात आहे हो! अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली. सरदार सरोवराच्या पाण्यात बुडालेलं महाराष्ट्रातलं पहिलं गाव. धरण गुजरातेत, बुडीत मध्य प्रदेशात १९३ गावं, आमची ३३ आणि गुजरातची १९. जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलर मंजूर केले तेव्हा नर्मदेच्या काठावरच्या पावरा-भिल्लांना कोणी विचारलं नव्हतं. पर्यावरण खात्याची मंजुरी आली १९८७ ला, तीही अटींवर, अभ्यास नंतर पूर्ण करू या बोलीवर. पुढे इतकी बोंब झाली की बँकेला ब्रॅडफोर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमावी लागली. जून १९९२ च्या अहवालात समितीने स्पष्ट सांगितलं, प्रकल्पातून मागे व्हा. मार्च १९९३ अखेर भारत सरकारने उरलेलं कर्ज नको म्हणून कळवलं. त्याच सप्टेंबरात बँकेने तपासणी मंडळ स्थापन केलं, म्हणजे बँकेच्या पैशाने ज्याचं नुकसान झालं त्याने थेट बँकेकडे तक्रार करायची सोय. १९९४ मध्ये मोठ्या धरणांना पैसा थांबवा म्हणून जगभरच्या संघटनांनी जाहीरनामा काढला, त्यालाही नाव मणिबेलीचंच.

त्या मंडळापुढे पहिली तक्रार कुठली आली? नेपाळची. अरुण-३ हा जलविद्युत प्रकल्प. बँकेने १९९५ मध्ये त्यातून अंग काढून घेतलं. तेच अरुण-३ आज ९०० मेगावॅटचं होतंय, भारताची सरकारी कंपनी बांधतेय आणि वीज बिहारमार्गे आपल्याकडे येणार आहे.

मला प्रश्न पडलाय तो असा. प्रकल्प एका हद्दीत, फायदा दुसऱ्या हद्दीत, पाणी तिसऱ्याच्या उंबऱ्यात. अशा वेळी त्या तिसऱ्याने दाद मागायची कुठे? आणि मणिबेलीतून निघालेली ही व्यवस्था आपल्या खानदेशाच्या वाट्याला किती आली?

---

शेवभाजी
रात्री ९.३०

भाऊ, धागा भारी. पण पेटी उघडली का नाही ते सांगा आधी.

---

सातपुड्याचा_वारा
रात्री ९.३४

किल्ली गुरुवारी येणार आहे. 😀

---

केळीवाला_रावेर
रात्री १०.०५

आले परत नर्मदेचे गोडवे. आमच्याकडे येऊन पाहा जरा. रावेर-यावल पट्ट्यात माझ्या आजोबांची मोट चालायची, वडिलांची बोअर दीडशे फुटांवर लागली. माझी सातशेच्या खाली गेली तरी उन्हाळ्यात गरम हवा सोडते. केळीला ठिबक लावलं, तरी पाणी कुठून तरी यावं लागतंच.

मे २०२५ ला भोपाळला दोन राज्यांनी तापी महापुनर्भरणावर सह्या केल्या. एकूण ३१.१३ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यात आपले १९.३६ आणि मध्य प्रदेशचे ११.७६. खारिया गुटीघाटला वळवणीचा बंधारा, दोन्ही बाजूंनी कालवे, आणि पाणी सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या गोटाड थरात मुरवायचं. वर्षानुवर्षं ज्याची वाट पाहिली ते आता कुठे कागदावर आलंय. तेवढ्यात तुम्ही पर्यावरण-पर्यावरण करून मोडता घालू नका म्हणजे झालं.

---

आक्का_धडगाव
रात्री १०.४१

केळीवाले दादा, तुमचं दुःख खोटं नाही. पण 'मोडता' हा शब्द टोचला.

मी शिक्षिका आहे, नर्मदाकाठच्या शाळेवर काही वर्षं होते. शाळेला जायचं म्हणजे लाँच. पाणी भरलं की जुनी टेकडी टापू व्हायची आणि टापूवर चार-पाच घरं राहायची. कागदावर त्यातलं एक घर 'बुडीत' आणि शेजारचं 'बुडीत नाही', कारण सर्व्हेची रेघ दोघांच्या मधून गेलेली. ज्याचं घर बुडीत नाही त्याचा रस्ता बुडालेला, विहीर बुडालेली, जनावरांची चराई बुडालेली. तो माणूस फक्त कोरडा. त्याला आम्ही काय म्हणायचो माहितीय? 'बिनबुड्या'. हसायचे सगळे, तोसुद्धा.

नर्मदा लवादाने १९७९ मध्ये लिहून ठेवलं होतं की बुडायच्या किमान वर्षभर आधी जमीन आणि घराची जागा मिळालीच पाहिजे, आणि खर्च गुजरातने द्यायचा. कागद उत्तम होता. २०१९ च्या सप्टेंबरात धरण पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत भरलं, तोपर्यंत चाळीस वर्षं गेली, आणि तेव्हाही काठावर लोक 'मला पात्र धरा' म्हणून कागदांची पिशवी घेऊन फिरत होते. प्लॅस्टिकची पिशवी, तिला सुतळी. सातबारा, रेशनकार्ड, मतदार यादीची झेरॉक्स. पूर आला की माणसं आधी पिशवी उचलतात, मग कोंबड्या.

---

निवृत्त_अभियंता
बुधवार, सकाळी ६.२०

पाटबंधारे खात्यात आयुष्य गेलं, तेव्हा थोडी दुसरी बाजू मांडतो. राग मानू नये.

नदी आंतरराज्य असली की प्रत्येकाच्या हातात नकाराधिकार दिला तर एक बंधारा होणार नाही. वरचा म्हणतो पाऊस माझ्याकडे पडतो, खालचा म्हणतो वहिवाट माझी. म्हणूनच लवाद, नियंत्रण मंडळं असतात. नर्मदेला इंदूरला बसणारं प्राधिकरण आहे, त्याच्यात पर्यावरणाचा आणि पुनर्वसनाचा उपगट आहे. तापीला लवाद नाही, दोन राज्यांचं नियंत्रण मंडळ आहे.

आणि नियम नाहीत असंही नाही. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत दोन गोष्टी आहेत ज्या लोकांना माहीत नसतात. एक, 'ब' वर्गातले बरेचसे प्रकल्प राज्याच्या सीमेजवळ आले की 'अ' वर्गात जातात, म्हणजे निर्णय राज्याकडून दिल्लीकडे. आधी हे अंतर १० किमी होतं, २०१४ ला ५ केलं. दोन, प्रकल्प एकापेक्षा जास्त जिल्ह्यांत किंवा राज्यांत पसरला असेल तर जनसुनावणी प्रत्येक जिल्ह्यात घ्यावी लागते. भोपाळला सही झाली म्हणून रावेरची सुनावणी टळत नाही.

---

धुळेकर_चौफुली
सकाळी ८.४५

अभियंता काका, नमस्कार. २००६ च्या अधिसूचनेत मंजुरी लागणाऱ्या प्रकल्पांची यादी आहे, त्या यादीत जे आहे त्याला हे नियम. जे यादीतच नाही त्याचं काय?

इंदूर-मनमाड रेल्वे. ३०९ किमी, १८,०३६ कोटी, सप्टेंबर २०२४ ला केंद्राने मंजूर केली. दोन राज्यं, सहा जिल्हे. आम्ही धुळेकर या गाडीची वाट बघत म्हातारे झालो, मला ती हवीच आहे. पण रेल्वे ही २००६ च्या त्या यादीत नाही! वनजमीन लागली तर वनखात्याची परवानगी, भूसंपादनाचा कायदा, हे आहे. पण पर्यावरण मंजुरी आणि तिच्यासोबत येणारी जनसुनावणी रेल्वेला लागू नाही. म्हणजे रुळाचा भराव गावाच्या नाल्याला आडवा येणार असेल तर ते सांगायला ठरलेली जागा नाही. मोरी कुठे ठेवायची हे गावातल्या म्हाताऱ्याला नकाशावाल्यापेक्षा जास्त कळतं, पण त्याला विचारायचा दिवसच कॅलेंडरात नाही.

आमच्या धुळ्यात तर दोन आशियाई महामार्ग एकमेकांना छेदतात. सुरत-नागपूरवाला ए.एच. ४६ आणि आग्रा-मुंबईवाला ए.एच. ४७. नावाला आंतरराष्ट्रीय, पावसाळ्यात पाणी साचतं ते मात्र पक्कं स्थानिक.

---

सातपुड्याचा_वारा
सकाळी ९.३०

धुळेकर, नेमका मुद्दा. आमच्या वाहिनीचंही तेच. नेपाळच्या तुकड्याला पर्यावरणाचा अभ्यास करावा लागतो. तीच तार सीमेचा खांब ओलांडून बिहारात शिरली की तिला पर्यावरण मंजुरी लागत नाही, कारण विद्युतवाहिनीही आपल्या यादीत नाही. तार तीच, टॉवर त्याच उंचीचा, खाली भातच. झाडं मोजणारा माणूस सीमेवर थांबतो.

सीमेची गंमत पुढे आहे. काका म्हणाले तसं राज्यसीमेजवळ आलं की चौकशी कडक होते. देशाच्या सीमेजवळ उलट. २०२२ च्या दुरुस्तीने सीमेपासून १०० किमीपर्यंतच्या सामरिक महत्त्वाच्या महामार्गांना पूर्वमंजुरीतून सूट दिली. संरक्षणाचं कारण मला कळतं. पण हिमालयातला उतार सैन्याचा ट्रक आहे का यात्रेकरूंची बस आहे हे बघून ढासळत नाही.

---

काळी_कसदार
सकाळी ११.१०

देशांदेशांमध्ये याला काही कायदा नाही का? का सगळा दे दणादण कारभार?

---

सातपुड्याचा_वारा
दुपारी १.०५

आहे, पण विरविरीत. युरोपात एस्पूचा करार आहे, १९९१ चा. तुमच्या प्रकल्पाचा परिणाम शेजारच्या देशात जाणार असेल तर शेजाऱ्याला आधी कळवा, त्याच्या लोकांनाही मत मांडू द्या. भारत त्यात नाही, नेपाळ नाही. २०१० मध्ये उरुग्वेच्या कागद कारखान्यावरून अर्जेंटिना हेगच्या न्यायालयात गेली. न्यायालय म्हणालं, सीमेपलीकडे मोठं नुकसान होण्याची शक्यता असेल तर आधी अभ्यास करणं हे आता सर्वसाधारण आंतरराष्ट्रीय कायद्याने बंधनकारक आहे. पण अभ्यासात काय काय असावं, ते ज्याने त्याने आपल्या कायद्याप्रमाणे ठरवावं. झालं! म्हणजे परीक्षा सक्तीची, पेपर घरचा.

आग्नेय आशियात मेकाँग नदीचं बघा. लाओसमध्ये शायाबुरीचं धरण, १,२८५ मेगावॅट. ९५ टक्के वीज थायलंड घेतं, पैसाही थाई बँकांचा. मासे आणि गाळ अडला तर फटका खाली कंबोडिया-व्हिएतनामला. १९९५ च्या मेकाँग कराराप्रमाणे आधी सल्लामसलत करावी लागते, तशी झाली. खालचे म्हणाले थांबा, आणखी अभ्यास करा. करारात नकाराधिकार नाही. धरण २०१९ ला सुरू झालं. मला तर हे वाचताना सारखं गुजरात, मध्य प्रदेश, महाराष्ट्र असंच दिसत होतं. फरक एवढाच की आपल्यात निदान एक सुप्रीम कोर्ट आहे, त्यांच्यात तेही नाही.

---

पन्नास_टक्के
दुपारी २.२०

सुप्रीम कोर्टाने २००० साली काय केलं तेही लिहा मग. बहुमताने धरण बांधायला परवानगी दिली, पुनर्वसनाच्या अटीवर. अट आक्कांच्या पिशवीत.

बाकी जागतिक बँक गेली म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांनी पुढचं सांगावं. बँक गेली, धरण थांबलं का? नाही. मग पैसा कुठून आला?

---

शेवभाजी
दुपारी ३.००

आमच्या घरातून आला. 🙈

खरं सांगतो. १९९३-९४ च्या सुमारास धरणासाठी रोखे निघाले होते. ३,६०० रुपये भरायचे, वीस वर्षांनी १,११,००० मिळणार. आमचे नाना तेव्हा धुळ्यात एका सहकारी बँकेत कारकून. ऑफिसमधल्या चौघांनी घेतले, नानांनीही एक घेतला, माझ्या बहिणीच्या नावाने. रोख्याचा कागद लोखंडी कपाटात, देवीच्या फोटोच्या मागे. पुढे गुजरातने कायदा करून ते मुदतीआधीच परत घेतले, २००९ ला पन्नास हजार हातात आले. तेवढ्यात बहिणीच्या लग्नाचा मांडव आणि जेवणावळ निघाली. नाना खूश होते.

आज हा धागा वाचताना डोक्यात आलं, ज्या वर्षी मणिबेलीत पाणी शिरत होतं त्याच वर्षी नाना रोख्याचा फॉर्म भरत होते. तेव्हा मणिबेली आमच्याच धुळे जिल्ह्यात होतं, नंदुरबार १९९८ ला वेगळा झाला. नानांना कोणी सांगितलं नाही आणि नानांनी विचारलंही नाही. जागतिक बँकेवर मोर्चा नेता आला. नानांवर कोण मोर्चा नेणार?

---

आक्का_धडगाव
दुपारी ३.२५

शेवभाजी, नेला असता तर तुमच्या आईने चहा केला असता सगळ्यांना. ☺️

---

पन्नास_टक्के
दुपारी ३.४०

शेवभाजीने माझं उत्तर माझ्याआधीच दिलं. मी पुढचं एवढंच जोडतो. बँक होती तोवर तिच्या नियमांचं शेपूट लोकांच्या हातात होतं. ते ओढलं की वॉशिंग्टनला घंटी वाजायची. बँक गेली आणि शेपूटही गेलं. आता पैसा घरचा किंवा अशा बँकांचा, ज्यांना शेपूटच नाही. लोक जिंकले आणि त्याच झटक्यात तक्रारीची खिडकी बंद झाली. हे कडू आहे, पण असं झालंय.

---

सातपुड्याचा_वारा
सायंकाळी ६.५०

पन्नास टक्के, मान्य, पण पन्नास टक्केच (माफ करा, राहवलं नाही). खिडकी अगदीच बंद झाली नाही. महाराष्ट्रात २००० ला सरदार सरोवराच्या विस्थापितांसाठी तक्रार निवारण प्राधिकरण आलं, ते याच रेट्यामुळे. जागतिक धरण आयोग बसला, मेधाताई पाटकर त्यात सदस्य होत्या, २००० ला अहवाल आला.

शेपटाची ताकद किती हे कच्छच्या मच्छीमारांनी बघितलंय. मुंद्र्याच्या कोळशाच्या वीजप्रकल्पाला जागतिक बँक गटातल्या आयएफसीने २००८ मध्ये ४५ कोटी डॉलर दिले. आकडा योगायोगाने नर्मदेचाच! गरम पाण्याने खाडीतली मासळी गेली म्हणून लोक आयएफसीच्या तक्रार कार्यालयात गेले. चौकशीत आयएफसीच्या देखरेखीत चुका सापडल्या, पण हातात काही पडेना. मग ते थेट अमेरिकेच्या कोर्टात. २०१९ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध १ निकाल दिला की अशा संस्थांना सरसकट कवच नाही, त्यांच्यावर दावा चालू शकतो. गावात पेढे वाटावेत असा निकाल! नंतर खालच्या कोर्टांनी सांगितलं, जे घडलं ते भारतात घडलं, तेव्हा कवच इथे लागूच आहे. दावा बारगळला.

कर्जाचा निर्णय वॉशिंग्टनला, नुकसान कच्छला. आणि कोर्टाचा सगळा वाद घडलं कुठे यावर.

---

केळीवाला_रावेर
रात्री ८.१५

रात्रभर विचार केला, सकाळी केळी भरायची होती म्हणून लिहायला वेळ लागला. आक्का, 'मोडता' मागे घेतो.

पण मला एक सांगा. आमच्या पुनर्भरणाला विरोध न करता त्यात काय विचारायचं? कारण आम्हाला सभेत बोलावतात ते टाळ्यांसाठी. तापीवरच्या हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडले की नदीकाठच्या गावांना भोंगा वाजवून सांगतात. धरण बांधताना भोंगा वाजत नाही.

कोनं पानी, कोनं धरन, नि बुडनं कोन? आमची म्हातारी म्हणायची असं, ती अहिराणी बोलायची.

---

निवृत्त_अभियंता
रात्री ८.५०

हे विचारा. एक, पर्यावरण अहवालाचा मराठी सारांश ग्रामपंचायतीत आणि जिल्हा परिषदेत ठेवलाय का? ठेवावाच लागतो. सुनावणीची किमान ३० दिवस आधी नोटीस लागते, एक प्रादेशिक भाषेच्या वर्तमानपत्रात. दोन, वळवलेलं पाणी पुराचं की बाराही महिन्यांचं? फक्त पावसाळ्याचं वळवणार असतील तर खाली नदीत किती सोडणार, महिन्यावार आकडा मागा. तीन, बंधाऱ्याचं बुडीत कोणाच्या हद्दीत किती, गावांच्या नावांसह. बंधारा मेळघाटाच्या बाजूला आहे, तेव्हा जंगल आणि कोरकू वस्त्या येणार हे गृहीत धरा. फायदा आपल्या रावेरला आणि बुडीत धारणीकडे असं असेल तर आज आक्का जे लिहितायत ते उद्या कोणी मेळघाटातून आपल्याबद्दल लिहील.

चार, नोंद. सुनावणीचं चित्रीकरण होतं, इतिवृत्त लागलीच वाचून दाखवावं लागतं. आपण काय बोललो ते त्यात आलंय का हे ऐकल्याशिवाय मंडपातून उठू नका. लोक जेवणाच्या पंगतीकडे पळतात आणि तिथेच घात होतो. हे मी टेबलाच्या पलीकडे बसून पाहिलंय.

---

धुळेकर_चौफुली
रात्री ९.०५

काका, तुम्ही खात्यात असताना हे सांगितलं असतं तर!

---

निवृत्त_अभियंता
रात्री ९.३८

असतं तर. खरंय.

---

काळी_कसदार
रात्री ९.५०

आपल्या वाट्याचं नर्मदेचं पाणी ०.२५ दशलक्ष एकर फूट, म्हणजे जवळपास १०.९ टीएमसी. विजेत २७ टक्के वाटा. ३३ गावांच्या बदल्यात. १९७९ पासून ते पाणी हिशोबात आपलं आहे. नंदुरबारच्या शेतात कधी दिसलं तर फोटो टाका रे कोणी.

---

शेवभाजी
गुरुवार, रात्री ९.१५

वारा भाऊ, गुरुवार झाला. पेटी?

---

सातपुड्याचा_वारा
रात्री ११.२०

उघडली. किल्ली चालेना, शेवटी वेल्डरने कुलूप कापलं. आत कुंभारमाशीची मेलेली पिल्लं, बिडीचं एक रिकामं पाकीट, लग्नाची एक पत्रिका (कोणी का टाकली देव जाणे) आणि तीन चिठ्ठ्या.

पहिली मजुरी थकल्याची. दुसरी टॉवरच्या पायामुळे पाट बुजल्याची, ती गेल्या वर्षीच्या रोपणीच्या आधीची, म्हणजे एक हंगाम गेला. दोन्ही आज नोंदवल्या, पाट मोकळा करायला उद्या माणसं जातायत.

तिसरी वहीच्या पानावर, हिंदीत, शिसपेन्सिलने. लिहिणारा सीमेपलीकडचा, म्हणजे आपल्या भारताच्या बाजूचा. इथे बाजारहाटाला लोक सायकलवर रोज ये-जा करतात, तसाच येऊन टाकून गेला असणार. नेपाळ हद्दीत साहित्य न्यायला जो मातीचा रस्ता भरला, त्याने पाण्याची वाट अडली आणि पाणी त्याच्या अडीच बिघ्यात तुंबलं. खाली लिहिलंय, 'उधर का ब्लॉक ऑफिस बोला कि रस्ता नेपाल में है. आप किसको भेजिएगा, बता दीजिए.'

तक्रार संगणकावर चढवायला बसलो. जिल्ह्याच्या रकान्यात यादी उघडते, त्यात नेपाळचे सत्याहत्तर जिल्हे आहेत. त्याचा नाही. रकाना रिकामा ठेवला तर पुढचं पान येत नाही.

कागद सध्या माझ्या टेबलाच्या खणात आहे. सकाळी सायकल घेऊन त्याच्या गावाला जाऊन येतो.